सर्पगंधा, खाजकुयली आणि कंपवात

कंपवात हा शब्द आता आपल्या घरांत नवा राहिलेला नाही. गंगापूर रोडच्या परिसरात आजाऱ्यांना ख्रिस्तप्रसाद देण्यास जाताना या रोगाच्या गोळ्यांविषयी दोन मते आम्ही वारंवार ऐकतो. इंग्रजी औषध अपाय करते, हे एक. झाडपाला निरुपद्रवी असतो, हे दुसरे. या औषधांचा इतिहास मात्र दोन्ही मतांना पुष्टी देत नाही. त्यातील दोन महत्त्वाचे दुवे तर आपल्याच भूमीतील वनस्पतींचे आहेत.

लंडनचे वैद्य जेम्स पार्किन्सन यांनी १८१७ साली या रोगाचे वर्णन प्रसिद्ध केले आणि पुढे त्यांचेच नाव रोगास मिळाले. त्यानंतर शंभर वर्षांहून अधिक काळ वैद्यांच्या हाती बेलाडोनासारख्या वनस्पतींच्या अर्काखेरीज फारसे काही नव्हते. त्याने कंप थोडा उणावे. पण तोंड कोरडे पडे, वृद्धांना भ्रम होई.

पुढचा दुवा मुंबईचा आहे. तेथील हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ साली सर्पगंधेच्या मुळीने रक्तदाब उतरतो, हे लेख लिहून जगापुढे मांडले. १९५२ साली त्या मुळीतून रिसर्पिन हे द्रव्य वेगळे काढण्यात आले व ते जगभर दिले जाऊ लागले. तेव्हा एक विलक्षण गोष्ट ध्यानात आली. काही रुग्णांचा रक्तदाब उतरे, परंतु त्यांचे हातपाय ताठरत, चाल मंदावे, कंप सुटे. औषधानेच कंपवातासारखी अवस्था निर्माण केली होती.

या दुष्परिणामानेच पुढची वाट दाखविली. स्वीडनच्या आर्विद कार्लसन यांनी १९५७ साली रिसर्पिन देऊन निश्चल केलेल्या सशांना डोपा नावाचे द्रव्य टोचले आणि ते ससे पुन्हा हालचाल करू लागले. मेंदूत डोपामीन उणे पडल्याने शरीर जखडते, हे त्यातून उलगडत गेले. या संशोधनासाठी त्यांना २००० साली नोबेल पारितोषिक मिळाले. हेच डोपा मद्रासच्या दामोदरन व रामस्वामी यांनी १९३७ सालीच खाजकुयलीच्या बियांतून वेगळे काढले होते. आपल्या डोंगररानांत वाढणारी, अंगास लागताच खाज आणणारी ही वेल. आयुर्वेदात तिला कपिकच्छू म्हणतात.

व्हिएन्नात १९६१ साली हे औषध रुग्णांना टोचून पाहण्यात आले. १९६७ साली अमेरिकेत डॉ. कोट्झियास यांनी ते तोंडावाटे, मात्रा हळूहळू वाढवीत दिले. खिळलेली माणसे चालू लागली. परंतु मळमळ व उलट्या पाठीस लागल्या. १९७५ च्या सुमारास त्यात कार्बिडोपाची जोड मिळाली आणि तो त्रास पुष्कळ उणावला. आजच्या गोळीत हीच जोडी असते. तथापि काही वर्षांनी तिचा प्रभाव लवकर ओसरू लागतो. मध्येच अंग आपोआप वेडेवाकडे हलते, उभे राहताना रक्तदाब घसरतो, काहींना नसलेली माणसे दिसतात. प्रॅमिपेक्सोल, रोपिनिरोल यांसारख्या नंतरच्या औषधांनी काही रुग्णांत जुगाराची वा खरेदीची अनावर ओढ उत्पन्न होते, हेही नव्या शतकाच्या आरंभी स्पष्ट झाले.

मग वेलीकडेच परतावे काय? मुंबईत डॉ. अशोक वैद्य, डॉ. नोशिर वाडिया आदींनी १९७८ साली खाजकुयलीच्या बियांचे चूर्ण रुग्णांना देऊन त्याचा उपयोग नोंदविला. २००४ साली लंडनमध्ये आठ रुग्णांवर झालेल्या प्रयोगात ३० ग्रॅम चूर्ण नेहमीच्या गोळीहून लवकर लागू पडले. परंतु गुण देणारे द्रव्य तेच, म्हणून दुष्परिणामही तेच संभवतात. चूर्ण आणि गोळी वैद्यास न सांगता एकत्र घेणे म्हणजे नकळत मात्रा वाढविणे होय.

हा इतिहास आपल्या घरांसाठी काय सांगतो? आजोबांना भिंतीवर माणसे दिसू लागली, तर ती भुताटकी नव्हे. काटकसरी वडील एकाएकी लॉटरीच्या नादी लागले, तर ते चारित्र्याचे पतन समजू नये. आधी गोळी कोणती व किती, हे वैद्यास दाखवावे. दोष औषधाचा दिसला, तरी ते मनाने एकाएकी थांबवू नये. तसे केल्याने तीव्र ताप व जिवावर बेतणारा ताठरपणा येऊ शकतो. गोळीची वेळ सांभाळावी. दूध, डाळ, मासे यांतील प्रथिने तिचा शिरकाव अडवितात, म्हणून तिचे व जेवणाचे अंतर वैद्यास विचारून ठरवावे. आणि रिसर्पिनची गोष्ट जुनी झाली असे मानू नये. चक्करेवरील सिनारिझिन, उलटीवरील मेटोक्लोप्रमाइड ही औषधे आजही वृद्धांत कंप निर्माण करू शकतात. म्हणून नवा कंप दिसताच चालू असलेल्या सर्व औषधांची यादी वैद्यापुढे ठेवावी.

पोप जॉन पॉल दुसरे १९९९ च्या नोव्हेंबरात दिल्लीस आले, तेव्हा त्यांचा थरथरता हात सर्वांनी पाहिला. त्यांनी तो लपविला नाही. आपल्या घरांतही लपविण्याचे काही कारण नाही. लपविलेल्या दुष्परिणामावर वैद्यास उपाय करता येत नाही; सांगितलेल्या दुष्परिणामाने मात्र एकदा औषधाचाच शोध लावून दिला आहे.