नुंगंबाक्कमचा थर्मामीटर आणि बुलेटचं ऑइल

चेन्नईला बदली होऊन आलो तेव्हा सामानात 1988 ची बुलेट होती. कास्ट आयर्न इंजिन, गिअर उजव्या पायाला, ब्रेक डाव्या. मुक्काम नुंगंबाक्कमला. पहिल्याच उन्हाळ्यात मी तिला फुल सिंथेटिक ऑइल पाजलं आणि दीड महिन्यात तिचा बिग एंड घालवला.

कारण सांगतो, म्हणजे दुसऱ्या कुणाचा खर्च वाचेल. ‘जुनं इंजिन आहे, त्याला भारीतलं भारी ऑइल दे’ असं एका स्नेह्याने सांगितलं, आणि मला ते पटलं. म्हाताऱ्या माणसाला आपण चांगलंचुंगलं खाऊ घालतो, तसंच हे. जुनं ऑइल काढलं, नवं ओतलं, किक मारली. इंजिन आधीपेक्षा गुळगुळीत चाललं. मग एके दिवशी हाय रोडवर खालून ठक्‌ठक्‌ आवाज सुरू झाला. सत्तरीतल्या तमिळ मिस्त्रीने इंजिन उघडलं आणि आतला फेल्टचा फिल्टर माझ्या तळहातावर ठेवला. काळ्या गाळाने गच्च भरलेला. “सार, पहले पेट साफ करना था,” एवढंच तो म्हणाला.

या बुलेटच्या बिग एंडला रोलर नसतात. तिथे एक सैल बुश असतो आणि तो तेलाच्या थरावरच फिरतो. तेल आटलं की धातूवर धातू. आधीच्या मालकाने वर्षानुवर्षं मिळेल ते ऑइल घातलं होतं आणि त्याचा गाळ इंजिनच्या कोपऱ्याकोपऱ्यात बसून राहिला होता. नव्या ऑइलमधल्या डिटर्जंटने तो सुटा केला आणि फिल्टरमध्ये नेऊन कोंबला. म्हणजे दोष ऑइलचा नव्हता. इंजिनचा पूर्वेतिहास न विचारता मी औषध बदललं होतं.

त्या इतिहासाचा बराचसा भाग याच शहरातला आहे. बुलेटचा मूळ आराखडा इंग्लंडमधल्या रेडिचचा, 1949 साली विक्रीला आलेला. सैन्याला सीमेवरच्या गस्तीसाठी मोटारसायकली हव्या होत्या. मद्रास मोटर्सने त्या आणल्या, आणि 1955 मध्ये एन्फिल्ड इंडिया उभी राहिली. कारखाना शहराच्या उत्तरेला तिरुवोट्टियूरला. त्याला लागूनच मणली. तिथे मद्रास रिफायनरीज 1969 मध्ये सुरू झाली आणि इंधनाबरोबर वंगणाचं मूळ तेल, ज्याला बेस ऑइल म्हणतात, तेही काढू लागली. इंजिन आणि त्याच्या पोटातलं तेल असे शेजारी शेजारी जन्मलेले. हे मिनरल बेस ऑइल क्रूडमधूनच निघतं. सॉल्व्हंटने त्यातला नको असलेला भाग काढायचा, मेण काढायचं, आणि मग त्यात अॅडिटिव्ह मिसळायचे. अॅडिटिव्ह बनवणारी लुब्रिझोल इंडिया 1966 ची. तिचा कारखाना आपल्या तुर्भ्याला. इंडियन ऑइलचा ‘सर्वो’ हा ब्रँड 1972 चा. आज नुंगंबाक्कम हाय रोडवरून, म्हणजे पाटीवरच्या उत्तमर गांधी सालैवरून, जाताना इंडियन ऑइल भवन लागतं. दक्षिणेतला त्यांचा कारभार तिथून चालतो. बुलेट दुरुस्तीला होती त्या महिन्यात मी त्या इमारतीसमोरून रोज पायी जात होतो. माझ्यासारख्याला शिक्षा म्हणून ते ठीकच होतं.

एमटीत काम केलेल्यांना ओएमडी-113 आठवत असेल. स्टोअरमधून बॅरल यायचं, आपण इंडेंट भरायचो, आणि ही अक्षरं कशाची हे फार कमी जणांनी विचारलं. ऑइल, मिनरल, डिटर्जंट. या तीन शब्दांतला तिसरा सर्वांत महत्त्वाचा. जुन्या काळच्या साध्या तेलात डिटर्जंट नसे. काजळी तळाशी बसे आणि दर काही हजार किलोमीटरला इंजिन उघडून खरवडावी लागे. डिटर्जंट आल्यावर काजळी तेलातच तरंगत राहू लागली. म्हणून चांगलं ऑइल लवकर काळं होतं. काळं झालं म्हणजे वाईट, ही समजूत अजून जात नाही.

त्याही आधी वनस्पतीचं तेल होतं. पहिल्या महायुद्धातली रोटरी विमान इंजिनं एरंडेलावर चालत. पेट्रोलमध्ये ते सहज विरघळत नाही आणि धातूला घट्ट धरून राहतं. ‘कॅस्ट्रॉल’ हे नावच एरंडेलाच्या ‘कॅस्टर’वरून आलं, 1909 च्या सुमाराला. आपल्या आज्यांनी महिन्यातून एकदा नाक दाबून पाजलेलं तेच ते. दोष एकच: तापून ते चिकट राळ होतं. इंजिन प्रत्येक वापरानंतर खोलून साफ करणाऱ्यांना चालेल असं तेल.

आणि सिंथेटिक? ते थंडीचं आणि विमानाचं अपत्य. दुसऱ्या महायुद्धात जर्मनीने रशियाच्या हिवाळ्यात अनुभवलं की मिनरल तेल थिजतं आणि रणगाडे, गाड्या सुरूच होत नाहीत. त्याच काळात हेरमान त्सोर्न यांच्यासारख्या रसायनतज्ज्ञांनी एस्टर जातीची तेलं प्रयोगशाळेत जोडून बनवली. युद्धानंतर जेट इंजिनांनी ती उचलली, कारण आकाशात उणे तापमान आणि टर्बाइनजवळ भट्टी, दोन्ही एकाच तेलाने सोसायचं होतं. मोटारीच्या डब्यात ते यायला 1972 उजाडलं. अमेरिकेतले अल्बर्ट अमाटुझिओ हे स्वतः जेट लढाऊ विमानांचे स्क्वाड्रन कमांडर होते. विमानाला चालतं ते मोटारीला का नाही, हा त्यांचा प्रश्न. त्यांच्या ‘अॅमसॉइल’मागून मोबिल वन आलं. फौजी माणसाच्या डोक्यातून निघालेली गोष्ट म्हणून मला त्याचं कौतुक आहे. पण तो फौजी मिनेसोटाच्या बर्फाजवळ राहत होता, हेही लक्षात घ्यायला हवं.

बर्फ आम्हीही पाहिलं आहे. लडाखला असताना पहाटे गाडीच्या सम्पखाली स्टोव्ह धरून बसलेला ड्रायव्हर मी पाहिलाय, आणि तिथे पातळ राहणारं तेल म्हणजे काय हे कुणी समजावून सांगावं लागत नाही. चेन्नईचं गणित वेगळं आहे, आणि ते मांडायला याच नुंगंबाक्कममध्ये जागा आहे. कॉलेज रोडवरचं हवामान केंद्र. तिथे 1792 मध्ये कंपनी सरकारने मद्रास वेधशाळा बांधली. खगोलाचं काम 1899 मध्ये कोडाइकनालला गेलं, तापमानाच्या नोंदी इथेच राहिल्या. टीव्हीवर चेन्नईचं तापमान सांगताना ‘नुंगंबाक्कम’ म्हणतात ते हेच. शहराचा विक्रमी उच्चांक 45 अंश, 31 मे 2003. विक्रमी नीचांक 13.9 अंश, तोही एकोणिसाव्या आणि विसाव्या शतकाच्या सांध्यावरचा.

आता डब्यावरचा आकडा वाचा. 20डब्ल्यू-50 मधला डब्ल्यू म्हणजे विंटर. 20डब्ल्यू तेलाची थंडीची चाचणी उणे 15 अंशांना होते, 5डब्ल्यूची उणे 30 ला. चेन्नईची सर्वांत थंड पहाटसुद्धा उणे 15 पासून जवळजवळ 29 अंश लांब आहे. म्हणजे 5डब्ल्यूच्या जास्तीच्या पैशातला थंडीचा वाटा इथे फुकट. मागचा आकडा मात्र खरा कामाचा: 100 अंशांना तेल किती दाट राहतं ते तो सांगतो. 30 चं तेल तिथे 9.3 ते 12.5 सेंटिस्टोक, 50 चं 16.3 ते 21.9. जुन्या बुलेटमधल्या फटी ढिल्या, इंजिन हवेवर थंड होणारं, आणि बाहेर मे महिना. तिला 50 हवं. मी 5डब्ल्यू-30 घातलं होतं, ही दुसरी चूक, आणि गाळाइतकीच महागात पडलेली.

‘सिंथेटिक’ हा शब्दही हल्ली लवचिक झालाय. मोबिलने कॅस्ट्रॉलविरुद्ध तक्रार केली होती की क्रूडपासूनच, पण हायड्रोजनने खूप शुद्ध केलेल्या तेलाला हे सिंथेटिक म्हणतात. 1999 मध्ये अमेरिकेतल्या जाहिरात-लवादाने निकाल कॅस्ट्रॉलच्या बाजूने दिला. तेव्हापासून शब्द मोठा आणि अर्थ सैल. जुन्या इंजिनवाल्याने त्यापेक्षा झिंक पाहावं. टॅपेट-कॅमची घासण सोसणारं हे झिंक-फॉस्फरसचं अॅडिटिव्ह 1940 च्या दशकापासून वापरात आहे, पण फॉस्फरस कॅटॅलिटिक कन्व्हर्टर खराब करतो म्हणून 2004 च्या एपीआय एसएमने पातळ ग्रेडमध्ये त्यावर 0.08 टक्क्यांची मर्यादा आणली. दाट 50 च्या तेलांना ती लागू नाही. जुन्या गाडीच्या पथ्यावर पडलेली गोष्ट.

सिंथेटिकविरुद्ध माझा राग नाही. उष्णतेत ते मिनरलपेक्षा उशिरा जळतं, आणि ज्याचं इंजिन उघडून, साफ करून, नव्या सीलनी बांधलंय त्याने 20डब्ल्यू-50 सिंथेटिक जरूर घालावं. पण या इंजिनात थोडं ऑइल गळणं आणि पेट्रोल-काजळीने ते मळणं ठरलेलंच. म्हणून लांब पल्ल्याचं महाग ऑइल घालून पुढच्या वर्षी बघू म्हणण्यापेक्षा साधं मिनरल घालून ते लवकर बदलणं मला परवडतं. दर 2000 किलोमीटरला ऑइल, दर दुसऱ्या वेळी फेल्ट.

नवा बुश बसवून मिस्त्रीने पहिले 200 किलोमीटर साधं मिनरल चालवायला लावलं, मग ते काढून एका पांढऱ्या परातीत ओतलं आणि आम्ही दोघं उन्हात बसून त्यात धातूचा कण शोधत राहिलो. दोन सापडले, बारीक. तिसऱ्या वेळी एकही नाही. आता बदलीची ऑर्डर आली आहे, उत्तरेला. बुलेट रेल्वेने जाईल, पेट्रोलची टाकी कोरडी करून. टूलबॉक्समध्ये कागद ठेवलाय: ऑइल कोणतं, तारीख, किलोमीटर, आणि कोणत्या तापमानात चालली.