दऱ्यांचा दर्या होऊ नये म्हणून

आजोबांनी वहीत आठवणी लिहिल्या होत्या. २००१ साली त्यांनी त्या एका डीटीपीवाल्याकडून टाइप करून घेतल्या. पुस्तक निघालं नाही, सीडी मात्र राहिली. वही पुढे वाळवीनं खाल्ली. गेल्या वर्षी मी सीडीवरची फाइल फोनवर घेतली, तर पडद्यावर इंग्रजी अक्षरं, कंस आणि अर्धविराम यांचा नुसता काला. चाळीस पानं, आणि एक शब्द वाचता येईना.

फाइल बिघडली नव्हती. संगणक अक्षरं नाही, क्रमांक साठवतो. कोणत्या क्रमांकाला कोणतं अक्षर, हे आधी ठरवावं लागतं. भारतीय लिप्यांसाठी १९९१ साली 'इस्की' हे राष्ट्रीय मानक ठरलंही होतं. आयआयटी कानपूरमध्ये जन्मलेलं आणि पुण्याच्या सी-डॅकमध्ये वाढलेलं 'जिस्ट' तंत्रज्ञान इस्की वापरायचं. पण त्यासाठी संगणकात वेगळं कार्ड किंवा सॉफ्टवेअर लागे. छपाईवाल्यांना त्याहून सोपी वाट सापडली: इंग्रजी अक्षराच्या जागी देवनागरीचं चित्र बसवलेला फॉन्ट.

कृतिदेव हा त्यातला एक लोकप्रिय फॉन्ट. त्यात 'मराठी' लिहिलं, की पडद्यावर मराठीच दिसतं, पण आत साठतं ई, जे, के, बी, एच. दुसऱ्या फॉन्टची जुळणी आणखी वेगळी. कागदावर छापायचं असेल, तर याचं काहीच बिघडत नाही. म्हणून त्या जुगाडाला मी हसत नाही. कित्येक लग्नपत्रिका आणि दिवाळी अंक त्याच्याच जिवावर निघाले.

अडलं ते इंटरनेटवर. वाचणाऱ्याकडे तोच फॉन्ट नसेल, तर त्याला काला दिसणार. शोधायला जावं, तर आत मराठी शब्दच नाही.

युनिकोडची पहिली आवृत्तीही १९९१ चीच, आणि तिच्यातली देवनागरीची मांडणी इस्कीच्या १९८८ च्या रूपावर बेतलेली. तिथे 'क'चा क्रमांक जगभर एकच. विंडोज २००० मध्ये देवनागरीची सोय आली आणि २००३ साली मराठी विकिपीडिया सुरू झाला. म्हणजे आजोबांची फाइल टाइप होत होती, तेव्हा नवी वाट उघडलेली होती. पण हातांना सवय जुन्या कळांची होती.

मी फाइल युनिकोडमध्ये आणायला एक छोटा प्रोग्रॅम लिहिला. वाटलं, अक्षरामागे अक्षर बदललं की झालं. पण जुन्या फॉन्टमध्ये 'दिवस'ची वेलांटी 'द'च्या आधी साठते, कारण ती डोळ्यांना आधी दिसते. युनिकोडमध्ये ती 'द'नंतर येते, कारण आपण उच्चारतो तशी. 'सूर्य'मधल्या रफाराचं याच्या उलट. हे सगळं निस्तरलं आणि खुशीत आजीला फोनवरून वाचून दाखवायला बसलो.

"...पहाटे दर्यांमधून आम्ही चालत निघालो..."

"अरे, दर्या कुठला? दऱ्या! सह्याद्रीतल्या माणसाला समुद्रात कुठं ढकलतोस?"

मराठीतल्या या अर्ध्या 'र'साठी युनिकोडमध्ये खाली टिंब असलेला 'ऱ' लागतो. माझ्या तक्त्यात साधा 'र' होता. त्यामुळे प्रत्येक दऱ्याखोऱ्याची वाट लागली होती. आजीच्या कानांनी पकडलं, ते माझ्या चाचणीत सुटलं होतं. मग रोज दोन-दोन पानं तिला वाचून दाखवत सगळं तपासलं.

जुने फॉन्ट सोडायलाच हवेत, यात मला शंका नाही. पण सोडण्याआधी त्यांच्यात अडकलेलं बाहेर काढायला हवं. त्यासाठी तो जुना फॉन्ट आणि मूळ मजकूर ओळखणारं माणूस, दोन्ही लागतात. फॉन्ट नेटवर कुठेतरी मिळेलही. माणसाचं तसं नाही. तुमच्या घरात अशी सीडी असेल, तर पुढच्या सुट्टीत बाहेर काढा.

चाळिसावं पान तपासून झालं आणि मी तो जुना फॉन्ट लॅपटॉपवरून काढून टाकला. परवा आजीनं स्वतःच्या फोनवर ती फाइल उघडली, शोधाच्या चौकटीत एका बोटानं माहेरच्या गावाचं नाव टाइप केलं आणि म्हणाली, "तीनच वेळा लिहिलंय होय यांनी?"