सिंधुदुर्ग किनाऱ्यावरील फळपीक विमा

महाराष्ट्राच्या दक्षिण टोकाकडील देवगड, मालवण व वेंगुर्ले या तालुक्यांच्या किनारपट्टीत आंबा व काजू या पिकांसाठी प्रचलित असलेली, हवामानाच्या मोजमापावर आधारलेली विमापद्धती. झाडावरील फळांचे प्रत्यक्ष नुकसान न पाहता पाऊस, तापमान व वारा यांच्या नोंदींवरून भरपाई ठरविणे, हे या पद्धतीचे मुख्य लक्षण होय. तिचे गुण आणि तिच्याविषयीच्या बहुतेक तक्रारी, दोन्ही या एकाच लक्षणातून उद्‌भवल्या आहेत.

विम्याची कल्पना पश्चिम किनाऱ्याला नवीन नाही. गलबतातून माल पाठविणाऱ्या व्यापाऱ्यांमध्ये जोखमी हुंडीचा प्रघात होता. माल सुखरूप बंदराला लागला, तरच या हुंडीचे पैसे द्यावे लागत. गलबत बुडाल्यास हुंडी विकत घेणाऱ्याची रक्कम बुडे. म्हणजे एकाच कागदात कर्ज व विमा या दोहोंची सोय होती. तिचा आधार असा की, गलबत पोहोचले की नाही, याविषयी सहसा वाद संभवत नाही. पिकाचे तसे नसते. पीक अर्धे येते, उशिरा येते, आलेले डागी निघते. आणि त्यातील किती भाग दैवाचा व किती हयगयीचा, हे कोणास सांगता येत नाही. यामुळे सागरी विमा स्थिरावल्यानंतरही शेतीचा विमा दीर्घकाळ कागदावरच राहिला.

म्हैसूर संस्थानातील जे. एस. चक्रवर्ती यांनी १९२० साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात पावसाच्या मापावरून भरपाई देण्याची योजना मांडली होती. पण ती अंमलात आली नाही. विमा कंपन्यांवर देखरेख ठेवणारा १९३८ चा विमा अधिनियम झाला, तरी पिकाचा विमा उतरविण्यास खाजगी कंपन्या धजावल्या नाहीत. सर्वसाधारण विम्याच्या राष्ट्रीयीकरणाच्या वेळी, १९७२-७३ मध्ये, गुजरातेत एच्-४ या संकरित कापसावर प्रयोग सुरू झाला. त्यात प्रत्येक शेतकऱ्याचे नुकसान स्वतंत्रपणे पाहिले जाई. १९७८-७९ पर्यंत ३,११० शेतकरी त्यात आले. हप्त्यांपोटी ४·५४ लाख रु. जमले व भरपाईपोटी ३७·८८ लाख रु. द्यावे लागले. पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेचे वि. म. दांडेकर यांनी १९७६ मध्ये या पद्धतीचा दोष दाखवून दिला. हजारो लहान शेतांची तपासणी कोणत्याही कंपनीला परवडणारी नाही, म्हणून एक सबंध क्षेत्र हेच घटक धरावे आणि पीक कापणी प्रयोगांतून निघालेले त्या क्षेत्राचे सरासरी उत्पन्न घटले, तर तेथील सर्व विमेदारांना एकाच प्रमाणात भरपाई द्यावी, असा त्यांचा विचार होता. १९७९ ची प्रायोगिक योजना, १९८५ ची सर्वंकष पीक विमा योजना व १९९९ ची राष्ट्रीय कृषी विमा योजना या तिन्ही याच पायावर उभ्या होत्या.

या तिन्ही योजनांत हापूस आंब्याला जागा मिळाली नाही. याला शासकीय अनास्थेपेक्षा खुद्द झाडाचा स्वभाव अधिक कारणीभूत होता. भाताचे खाचर एका दिवसात कापता येते व त्याचे वजन करता येते. आंब्याची काढणी मार्चपासून मे अखेरपर्यंत अनेक खेपांनी चालते. शिवाय हापूस वर्षाआड भरपूर फळणारा. त्यामुळे उत्पन्नाची सरासरी काढली, तरी तिच्यावरून अमुक वर्षी तूट आली असे म्हणणे अवघड जाते. सरकारदरबारी कलमांच्या उत्पन्नाच्या वर्षानुवर्षांच्या नोंदीही नव्हत्या.

दरम्यान जोखीम मात्र वाढत गेली. १ मे १९८१ रोजी रत्नागिरी जिल्ह्याचे विभाजन होऊन सिंधुदुर्ग जिल्हा अस्तित्वात आला. १९९०-९१ पासून रोजगार हमी योजनेशी निगडित फळझाड लागवडीचा कार्यक्रम राज्यात सुरू झाला आणि कोकणातील पडीक वरकस जमिनींवर व कातळावर आंबा-काजूची कलमे मोठ्या प्रमाणात उभी राहिली. फवारण्या, खते, राखण व पेट्या यांचा खर्च फळ हाती येण्याच्या कित्येक महिने आधी करावा लागतो. तो बँकेच्या वा सोसायटीच्या कर्जातून अथवा मुंबईच्या दलालाकडून घेतलेल्या उचलीतून भागविला जातो. उचल घेणाऱ्याने माल त्याच दलालाकडे पाठवावयाचा, असा रिवाज आहे. मोहोर जळाला की उचल पुढील हंगामावर चढते. विम्याचा प्रश्न मुळात या देण्याचा प्रश्न आहे.

विमा व्यवसाय १९९९ च्या अधिनियमाने खाजगी कंपन्यांना खुला झाला व त्यावर नियामक प्राधिकरणाची देखरेख आली. २००३ मध्ये तत्कालीन आंध्र प्रदेशातील महबूबनगर जिल्ह्यात पर्जन्यमानावर आधारित विम्याचा प्रयोग झाला आणि २००७ पासून केंद्र शासनाने हवामानावर आधारित पीक विम्याची पथदर्शी योजना हाती घेतली. चक्रवर्तींची कल्पना अशा प्रकारे सुमारे नऊ दशकांनी व्यवहारात उतरली. महाराष्ट्रात २०११-१२ च्या सुमारास ती फळबागांना लागू होऊ लागली. २०१६ मध्ये तिची पुनर्रचना झाली. त्यानुसार फळपिकांसाठी सामान्यतः विमा संरक्षित रकमेच्या ५ टक्के हप्ता शेतकरी भरतो व उरलेला भार केंद्र व राज्य शासने उचलतात. २०२० पर्यंत कर्जदार शेतकऱ्यांना हा विमा सक्तीचा होता. त्यानंतर तो ऐच्छिक झाला.

आंब्याच्या बाबतीत अवेळी पाऊस, कमी तापमान, जास्त तापमान व वेगाचा वारा हे धोके धरले जातात. गारपिटीसाठी जादा हप्ता भरावा लागतो. प्रत्येक धोक्याचा कालावधी व मर्यादा शासन निर्णयाने ठरते. महसूल मंडळातील स्वयंचलित हवामान केंद्रावर ती मर्यादा ओलांडल्याची नोंद झाली, म्हणजे त्या मंडळातील सर्व विमेदार भरपाईस पात्र होतात. पंचनामा लागत नाही व अर्जही करावा लागत नाही, ही मोठीच सोय आहे. या धोक्यांमागील फलशास्त्रही बरेचसे बरोबर आहे. थंडी लांबली की फळधारणा झालेल्या फांदीवर पुन्हा मोहोर येतो आणि आधीची कणी गळून जाते. मार्चमधील कडक उन्हानेही फळगळ होते. ढगाळ हवामान व त्यापाठोपाठ येणारे तुडतुडे हा मात्र स्वतंत्र धोका मानलेला नाही. बागायतदारांच्या दृष्टीने अनेकदा तोच सर्वांत खर्चाचा ठरतो.

खरी अडचण मापनाच्या जागेची व मुदतीची आहे. एकाच मंडळात समुद्राकाठचा उघडा कातळ, खाडीकाठचा उतार व आतील खोलगट वाड्या येतात. त्यांचे किमान तापमान सारखे नसते. केंद्र कातळावर असेल, तर दरीतील थंडी कागदावर पोहोचत नाही. ‘महावेध’ प्रकल्पाखाली २०१७ पासून राज्यात मंडळनिहाय केंद्रे उभारली गेल्याने हे अंतर कमी झाले, पण मिटले नाही. मुदतीचेही तसेच. २०१९ च्या ऑक्टोबर अखेरीस ‘क्यार’ चक्रीवादळाचा तडाखा बसला, पाठोपाठ पाऊस लांबला व मोहोर उशिरा आला. पण अवेळी पावसाची गणना डिसेंबरपासून होत असल्याने तो पाऊस विम्याच्या हिशेबात बसला नाही. ‘तौक्ते’ वादळाने १६ मे २०२१ रोजी किनाऱ्याला झोडपले, फळे पडली व झाडे उन्मळली. संरक्षणाची मुदत १५ मे रोजी संपत होती. शासनाने नुकसानग्रस्तांना स्वतंत्र मदत दिली, ती विम्याबाहेरची होय. मुदत ३१ मे पर्यंत वाढवावी, ही बागायतदारांची मागणी काढणीचा हंगाम पाहता रास्तच म्हणावी लागेल.

देखरेखीची विभागणीही लक्षात घेण्याजोगी आहे. कंपनीची सांपत्तिक स्थिती व तिचे व्यावसायिक वर्तन यांवर नियामक प्राधिकरणाचे नियंत्रण असते. धोक्यांच्या मर्यादा व मुदती राज्य शासन ठरविते. नोंदी तिसरीच यंत्रणा पुरविते. आणि तक्रारी जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील समितीपुढे जातात. नोंद चुकीची आहे असे म्हणणाऱ्या बागायतदाराजवळ त्या नोंदीशी ताडून पाहण्यासारखे दुसरे अधिकृत माप बहुधा नसते. दक्षिण कोकणात यात सातबाऱ्याची भर पडते. अनेक बागांच्या उताऱ्यावर सामाईक हिस्सेदारांची लांबलचक नावे असतात व त्यांतील निम्मे मुंबईस राहतात. सर्वांची संमती मिळवून विमा उतरविणे हेच एक काम होऊन बसते. बाग कराराने घेऊन फवारणीपासून राखणीपर्यंतचा सर्व खर्च सोसणाऱ्यालाही योजनेत भाग घेता येतो. मात्र त्यासाठी करार नोंदणीकृत असावा लागतो. किनाऱ्यावरील असे करार पुष्कळदा तोंडी होतात. अशा वेळी विमा उतरविला असल्यास भरपाई उताऱ्यावरील मालकाच्या खात्यात जमा होते आणि दलालाची उचल कराराने बाग करणाऱ्याच्या नावावर राहते.