जेद्दाचे तिकीट आणि मुंबईचे दलाल

विमानाच्या स्वस्त तिकिटापायी कुणाचे पैसे बुडाले की दोन गोष्टी ठरलेल्या असतात: इंटरनेटला शिव्या आणि ‘आपणच डोळे उघडे ठेवायला हवे होते’ हा उपदेश. दोन्हींनी फारसे काही साधत नाही. लांबच्या प्रवासाचे पैसे आगाऊ घेतले जाऊ लागले तेव्हापासून ही लुबाडणूक चालत आली आहे, आणि ती कशाने थांबत नाही व कशाने आटोक्यात येते याचा चांगला पुरावा मुंबई बंदराच्या इतिहासात सापडतो. १८६९ मध्ये सुएझ कालवा खुला झाला, आगबोटी वाढल्या, भाडी उतरली आणि हजची यात्रा ज्यांच्या आवाक्याबाहेर होती तेही घराबाहेर पडू लागले. हिंदुस्थानच्या कानाकोपऱ्यातून, अगदी मध्य आशियातूनही यात्रेकरू मुंबईत येत आणि इथून जेद्दाची बोट धरत. आयुष्यभराची पुंजी कनवटीला, शहर अनोळखी, भाषा परकी, आणि हजचे दिवस तर ठरलेले. बोट चुकली की वर्ष गेले. ज्याला थांबता येत नाही अशा गिऱ्हाइकाशी सौदा करणे सोपे असते.

बोटीचे मालक सुटी तिकिटे विकण्याच्या भानगडीत सहसा पडत नसत. जागा घाऊक भावाने दलालांच्या हवाली केल्या जात आणि दलाल त्या जमेल त्या किमतीला विकत. तिकिटाचा असा ठरलेला दर नव्हताच. शेजारी बसलेल्या दोघांनी वेगवेगळे पैसे मोजलेले असत. बोट सुटण्याची तारीख जाहीर व्हायची, पण डेक भरेपर्यंत नांगर उचलला जात नसे. तोवर यात्रेकरू मुंबईत भाडे भरून राहणार, विकतचे खाणार, आणि पुंजी रोज थोडी झिजणार. यातले काय बेकायदा होते? बोट खरी होती, तिकीट खरे होते, जेद्दाही आपल्या जागी होते. फसवणूक होती ती पैसे दिल्याच्या क्षणापासून बोट हलेपर्यंतच्या मधल्या काळात. त्या काळात पैसा दलालाच्या हातात असे आणि जबाबदारी कुणाच्याच नाही. माझा मुद्दा एवढाच आहे की स्वस्त तिकिटाच्या धंद्यातली लबाडी याच फटीत राहते, आणि ही फट गिऱ्हाइकाच्या हुशारीने बुजत नाही.

सरकार जागे झाले ते यात्रेकरूंच्या कळवळ्याने, असे म्हणणे भाबडेपणाचे होईल. पटकी युरोपात पोहोचते याची धास्ती होती, आणि परतीच्या भाड्याला पैसे न उरलेले हिंदी यात्रेकरू जेद्दात अडकून पडत, ही ब्रिटिश वकिलातीची डोकेदुखी होती. १८८० मध्ये सिंगापूरकडून निघालेली ‘जेद्दा’ नावाची बोट बुडणार असे समजून कप्तान नऊशेहून अधिक यात्रेकरूंना समुद्रात सोडून निघून गेला. पुढे दुसऱ्या जहाजाने ती बोट एडनला ओढत आणली. त्या बोभाट्यानंतर या वाहतुकीकडे काणाडोळा करणे अवघड झाले. १८८६ मध्ये हिंदुस्थान सरकारने मुंबईहून जाणाऱ्या यात्रेकरूंचे काम चक्क थॉमस कुक कंपनीकडे सोपवले. जाहीर केलेले भाडे, रेल्वे आणि बोट यांची एकत्र सोय, आणि मागे जगभर माहीत असलेले नाव. तोटा झाला तर तो सरकार सोसणार होते, आणि तोटा झालाच. १८९३ मध्ये ही व्यवस्था गुंडाळली गेली. बोटी दुसऱ्यांच्या होत्या आणि दलाल कुठे गेलेच नव्हते. यात्रेकरूची भाषा बोलणारा, त्याला मुक्कामाची जागा दाखवणारा, अडल्यानडल्याला उभा राहणारा माणूस दलालच होता. दलाल म्हणजे नुसता ठग, हे सरकारी कागदांतले चित्र म्हणूनच मला एकांगी वाटते. १८८७ च्या मुंबई इलाख्याच्या कायद्याने तिकीट विकणाऱ्यांना परवाना सक्तीचा केला, पण बोट निघेपर्यंत पैसा पूर्वीसारखाच विकणाऱ्याच्या खिशात राहिला.

खरा वाद परतीच्या तिकिटाचा होता. परतीचे भाडे आधीच भरून घेतले तर जेद्दात कुणी निराधार होणार नाही, हे सगळ्यांना कळत होते. तरी सरकार वर्षानुवर्षे कचरले, कारण धर्मात हात घालणार नाही असे राणीच्या १८५८ च्या जाहीरनाम्यात लिहिलेले होते. विरोधकांचे आक्षेपही पोकळ नव्हते: गरिबाला यात्रेचा हक्क नाही का, आणि परतीची सक्ती म्हणजे बड्या बोट कंपनीला आयते गिऱ्हाईक बांधून देणे नव्हे का? दुसऱ्या आक्षेपात तथ्य होते. पहिल्याबद्दल मात्र एवढे म्हणता येते की एकेरी तिकीट स्वस्त दिसे ते निम्मा खर्च त्यात धरलेलाच नसे म्हणून. तो पुढे कुणाच्या तरी दानातून, नाहीतर यात्रेकरूच्या उपासमारीतून वसूल होई. अखेर १९२५ मध्ये परतीचे तिकीट किंवा तेवढी अनामत रक्कम कायद्याने बंधनकारक झाली. पैसा कुठे ठेवायचा आणि परत आणायचे कुणी, हे पहिल्यांदा कागदावर आले. १९३२ च्या कायद्याने मुंबई, कराची आणि कलकत्ता या बंदरांत हज समित्याही स्थापन झाल्या.

विमानांच्या जमान्यात ब्रिटनला हाच धडा पुन्हा शिकावा लागला. स्वस्त सहली विकणाऱ्यांना परवाना सक्तीचा करणारी ‘अ‍ॅटॉल’ योजना १९७३ ची. पुढच्याच वर्षी, ऑगस्ट १९७४ मध्ये, कोर्ट लाइन ही कंपनी ऐन सुट्टीच्या हंगामात बुडाली, हजारो लोक परदेशात अडकले आणि परवान्यासोबत घेतलेली हमी तोकडी पडली. मग १९७५ मध्ये प्रवासी राखीव निधीचा कायदा झाला आणि त्यासाठी कंपन्यांच्या उलाढालीवर छोटी पट्टी बसली. अशा पट्टीने तिकिटे महागतील आणि स्वस्त प्रवास संपेल, ही शंका रास्त होती. ब्रिटनमधल्या स्वस्त सहली मात्र त्यानंतर वाढतच गेल्या.

आता सगळे मोबाइलवर दिसते, मग फट उरलीच कुठे, असे कुणी विचारेल. ती पीएनआरमध्ये आहे. एजंट जागा नुसती अडवून ठेवू शकतो. प्रवाशाला पीएनआर मिळतो, तो कंपनीच्या संकेतस्थळावर उघडतोही, आणि पैसे पोहोचल्यावर बुकिंग रद्द होते किंवा आपोआप गळून पडते. बहुतेक मोठ्या आंतरराष्ट्रीय कंपन्यांचे तिकीट खरोखर निघाले की तेरा आकडी क्रमांक येतो, त्यातले पहिले तीन आकडे कंपनीचे. एअर इंडियाचे ०९८. हा क्रमांक मागणे आणि तो थेट कंपनीकडे पडताळणे मिनिटभराचे काम आहे, आणि ते करावेच. इथे सावधपणाचा उपयोग आहे, हे मान्य करायला हवे. एजंटमार्फत काढलेल्या तिकिटाचा परतावा देण्याची जबाबदारी विमान कंपनीची आहे, असे आपल्या डीजीसीएचा नियमही सांगतो. पण कंपनीच कोसळली तर? ब्रिटनसारखा राखीव निधी आपल्याकडे नाही. १७ एप्रिल २०१९ ला जेट एअरवेज थांबली, मे २०२३ मध्ये गो फर्स्ट थांबली. ज्यांनी अस्सल तिकीट, अस्सल संकेतस्थळावरून, सगळे तपासून घेतले होते, असे कितीतरी प्रवासी दिवाळखोरीच्या कारवाईत बँकांच्या मागे धनकोंच्या रांगेत जाऊन उभे राहिले.