मुंबई विद्यापीठात कॉलेजनिहाय प्रवेश : पालघर, बोईसर, तारापूरच्या विद्यार्थ्यांसाठी

बारावीचा निकाल लागला की आपल्याकडे बरेच पालक विद्यापीठाचा ऑनलाइन फॉर्म भरतात आणि घरी निश्चिंत बसतात. पण तो फॉर्म म्हणजे प्रवेश नव्हे, ती फक्त नावनोंदणी. मुंबई विद्यापीठाशी मुंबईपासून सिंधुदुर्गापर्यंतची कॉलेजं संलग्न आहेत. बी.ए., बी.कॉम., बी.एस्सी.चा प्रवेश विद्यापीठ देत नाही, प्रत्येक कॉलेज स्वतःची गुणवत्ता यादी लावून देतं. म्हणून आधी विद्यापीठाच्या पोर्टलवर नोंदणी करून त्याची प्रिंट काढायची, मग ज्या-ज्या कॉलेजात जायची तयारी आहे त्या प्रत्येकाचा फॉर्म वेगळा भरायचा. पाच कॉलेजं हवीत तर पाच फॉर्म.

कोणती कॉलेजं? पालघरात सोनोपंत दांडेकर कॉलेज आहे, तिथे तिन्ही शाखा आहेत. चिंचणीत पी. एल. श्रॉफ कॉलेज, आर्ट्स आणि कॉमर्ससाठी. पुढे विरारला विवा, वसईत वर्तक आणि सेंट गोन्सालो गार्सिया. मुंबईत आपल्या समाजाच्या संस्थांची महाराष्ट्र कॉलेज, अकबर पीरभॉय, बुऱ्हानी आणि वांद्र्याचं रिझवी. जोगेश्वरीचं इस्माईल युसूफ हे १९३० सालचं सरकारी कॉलेज स्टेशनजवळच आहे, त्यामुळे आपल्या गाड्यांच्या मुलांना सोयीचं. एल्फिन्स्टन आणि सिडनहॅम मात्र आता होमी भाभा राज्य विद्यापीठात आहेत, के. सी. आणि एच. आर. एचएसएनसी विद्यापीठात. त्यांचे फॉर्म वेगळे. झेवियर्ससारख्या स्वायत्त कॉलेजांचं वेळापत्रकही स्वतःचं असतं, ते त्यांच्याच वेबसाइटवर बघावं.

आता सर्वात महत्त्वाची गोष्ट, जी आपल्याच घरांत उशिरा कळते. मुस्लिम अल्पसंख्याक दर्जाच्या कॉलेजात ठराविक जागा मुस्लिम विद्यार्थ्यांसाठी असतात. पण अल्पसंख्याक कोट्याचे आणि इनहाऊस, म्हणजे त्याच संस्थेच्या ज्युनिअर कॉलेजातून आलेल्या मुलांचे प्रवेश साधारणपणे पहिली यादी लागण्याच्या आधीच होतात. "यादीत नाव येतंय का बघू, नाहीतर कोटा आहेच" असा विचार केला तर कोटा संपलेला असतो. भरल्या न गेलेल्या जागा सर्वांसाठी खुल्या होतात आणि नंतर हक्क सांगता येत नाही. फॉर्ममध्ये कोट्याचा रकाना असेल तर त्यावर टिक करायला विसरू नका. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर धर्म लिहिलेला हवा, तो पुरावा म्हणून पाहतात.

सगळी अल्पसंख्याक कॉलेजं मुस्लिमांची नसतात. गोन्सालो गार्सिया ख्रिश्चन संस्थेचं आहे, तिथे आपली मुलं सर्वसाधारण जागांवर अर्ज करतात. मुंबईत काही कॉलेजं भाषिक अल्पसंख्याक आहेत. तिथे धर्म नाही, मातृभाषा पाहतात. घरी गुजराती बोलणाऱ्या वोहरा कुटुंबांनी दाखल्यावरचा मातृभाषेचा रकाना एकदा वाचावा.

ओबीसीचा दाखला असलेल्यांनीही हे लक्षात घ्यावं. महाराष्ट्रात धर्माच्या नावावर वेगळं आरक्षण नाही, पण मोमीन-जुलाहा, पिंजारी अशा जमाती ओबीसी यादीत आहेत. अल्पसंख्याक कॉलेजांना जातीनिहाय आरक्षण लागू होत नाही. तिथे हा दाखला जागेसाठी नाही, पण शिष्यवृत्तीसाठी कामाला येतो. दांडेकरसारख्या इतर कॉलेजात तो जागेसाठीही चालतो, सोबत चालू वर्षाचं नॉन-क्रीमीलेअर हवं. ते तहसील, प्रांत कार्यालयाच्या फेऱ्यांत अडकतं, म्हणून अर्ज निकालाची वाट न पाहता करावा.

कागदपत्रांत आपल्या मुलांचा घात नावामुळे होतो. दहावीच्या मार्कशीटवर मोहम्मद, आधारवर मोहद, दाखल्यावर एम.डी. आडनाव कुठे शेवटी, कुठे आधी, कुठे नाहीच. शेखचं इंग्रजी स्पेलिंग तर एकाच घरात तीन प्रकारचं सापडतं. एबीसी आयडी काढताना आणि महाडीबीटीवर शिष्यवृत्तीचा फॉर्म भरताना हे सगळं आडवं येतं. बोर्डाच्या मार्कशीटवरचं नाव पक्कं धरा आणि आधार त्याप्रमाणे दुरुस्त करा, हे तुलनेने सोपं. मार्कशीटच चुकली असेल तर शाळेमार्फत वाशीच्या विभागीय मंडळाकडे जावं लागतं, त्याला वेळ जातो.

यादीत नाव लागलं की फी भरायला दोन-तीन दिवसच मिळतात. वडील एमआयडीसीत शिफ्टला, पैसे पगाराला, असं चालत नाही. मुदत गेली की जागा गेली. आवडीचं कॉलेज दुसऱ्या यादीत येईल या आशेवर हातातलं सोडू नये, असं माझं मत आहे. प्रवेश रद्द करता येतो, ठरलेल्या नियमाने काही रक्कम परतही मिळते.

इंजिनीअरिंग आणि फार्मसीचा रस्ता वेगळा. तिथे सीईटी आणि राज्याची कॅप फेरी, कॉलेजच्या दारात फॉर्म नाही. सीईटीचा फॉर्म बारावीच्या परीक्षेआधीच, हिवाळ्यात निघतो. बोईसरचं थीम आणि भायखळ्याचं साबू सिद्दीक ही मुस्लिम अल्पसंख्याक कॉलेजं आहेत, त्यांच्या कोट्यासाठी कॅपच्या फॉर्ममध्येच घोषणा करावी लागते. २०२४ पासून बीएमएस, बीबीए, बीसीए यांनाही सीईटी लागली. काही कॉलेजांनी त्यानंतर कोर्सचं नाव बदलून बी.कॉम. मॅनेजमेंट स्टडीज केलं. त्याला सीईटी लागते का, हे कॉलेजात विचारूनच फॉर्म भरा.

मुलींसाठी एक तरतूद आहे. २०२४-२५ पासून आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या ओबीसी, ईडब्ल्यूएस, एसईबीसी घरांतल्या मुलींना कॅपमधून व्यावसायिक कोर्सला प्रवेश मिळाल्यास शिक्षण आणि परीक्षा शुल्क माफ आहे. ज्यांची जमात ओबीसीत नाही, त्यांनी ईडब्ल्यूएसचा दाखला काढावा. "मुलीला इतक्या फीचं कसं झेपेल" म्हणणाऱ्या वालिदैनने आधी हा हिशोब करावा.

राहिला प्रवास. विरार-डहाणू लोकल २०१३ मध्ये सुरू झाली, पण विरारच्या पुढे गाड्या मोजक्याच. बोईसर ते चर्चगेट शंभर किलोमीटरच्या वर. सकाळी सातचं लेक्चर असलेलं दक्षिण मुंबईतलं कॉलेज यादीत टाकण्याआधी पहिली गाडी कितीची आहे ते पाहा आणि कॉलेजला दुपारच्या बॅचबद्दल विचारा. विद्यार्थी सवलतीच्या पासाचा फॉर्म कॉलेजच्या ऑफिसातूनच मिळतो, त्यासाठी दाखल्यावरचा आणि आधारवरचा पत्ता तपासून ठेवा.