बटू सिक्लिड आणि बंगळुरूचे पाणी

काचेच्या टाकीत पाळल्या जाणाऱ्या गोड्या पाण्यातील उष्णकटिबंधीय माशांमध्ये बटू सिक्लिड या गटाला वेगळे स्थान आहे. सिक्लिड हे एका विस्तृत मत्स्यकुलाचे नाव असून त्यातील वर्णन झालेल्या जातींची संख्या १,७०० हून अधिक आहे. आफ्रिका, मादागास्कर तसेच मध्य व दक्षिण अमेरिका ही त्यांची प्रमुख वसतिस्थाने होत. या कुलातील जे मासे पूर्ण वाढ झाल्यावरही साधारणतः १० सेंटिमीटरच्या आत राहतात, त्यांना शौकीन मंडळी बटू सिक्लिड म्हणतात. ही शास्त्रीय विभागणी नव्हे. टाकीच्या आकारमानाने पाडलेला तो एक सोयीचा गट आहे.

रामिरेझी हा त्यातील सर्वाधिक परिचित मासा. व्हेनेझुएला व कोलंबियातील ओरिनोको नदीच्या खोऱ्यात तो आढळतो आणि १९४८ मध्ये त्याचे शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध झाले. अपिस्टोग्रामा या प्रजातीत अनेक जाती असून त्या दक्षिण अमेरिकेतील पानगळीने तपकिरी झालेल्या ओढ्यांमध्ये राहतात. क्रिबेन्सिस हा मात्र पश्चिम आफ्रिकेतील नायजेरिया व कॅमेरून भागातील.

या माशांचे आकर्षण केवळ रंगात नाही. बहुतेक मासे अंडी टाकून निघून जातात. सिक्लिड पिलांचा सांभाळ करतात. रामिरेझीची जोडी उघड्या सपाट दगडावर अंडी घालते आणि नर व मादी दोघेही पहारा देतात. अपिस्टोग्रामाची मादी कपारीच्या छताला अंडी चिकटवते, या काळात गडद पिवळी होते आणि आपल्याहून मोठ्या नरालाही जवळ फिरकू देत नाही. आणखी एक बाब संशोधकांना नवलाची वाटली. अपिस्टोग्रामाच्या पिलांत नर किती व माद्या किती, हे पाण्याच्या तापमानावर अवलंबून असते. काही जातींत पाण्याच्या सामूचाही, म्हणजे आम्लतेच्या प्रमाणाचाही, त्यावर परिणाम होतो. पाणी उबदार असल्यास नरांचे प्रमाण वाढते. पाणी हे या माशांसाठी निव्वळ राहण्याचे ठिकाण नसून त्यांची पुढची पिढीही तेच घडवते.

बंगळुरूतील शौकिनाची खरी अडचण येथेच सुरू होते. समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचीवर वसलेल्या या शहराला जवळ मोठी नदी नाही. १८९४ मध्ये अर्कावती नदीवर हेसरघट्टा येथे जलाशय बांधण्यात आला, १९३३ मध्ये त्याच नदीवर तिप्पगोंडनहळ्ळीचा जलाशय झाला आणि १९७४ पासून सुमारे १०० किलोमीटर अंतरावरून, जवळपास ५०० मीटर वर उचलून, कावेरीचे पाणी येऊ लागले. कावेरी योजनेचा पाचवा टप्पा ऑक्टोबर २०२४ मध्ये कार्यान्वित झाला. त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात शहरातील हजारो कूपनलिका आटल्या होत्या. परिणामी एकाच रस्त्यावरील दोन घरांत दोन निरनिराळ्या प्रकारचे पाणी असू शकते. कावेरीचे पाणी तुलनेने मृदू असते, तर खडकातून उपसलेले कूपनलिकेचे पाणी बहुधा जड, क्षारयुक्त असते. टँकरने आलेल्या पाण्याबद्दल तर आठवड्यागणिक खात्री देता येत नाही.

ओरिनोकोच्या मृदू, आम्लधर्मी पाण्यातून आलेल्या वंशाचा मासा कूपनलिकेच्या पाण्यात तात्काळ मरत नाही, म्हणूनच फसगत होते. तो खातो, फिरतो, अंडीही घालतो. परंतु अंडी पांढरी पडतात आणि काही महिन्यांत मासा खंगतो. दोष मग खाद्याला अथवा दुकानदाराला दिला जातो. घरी येणाऱ्या पाण्याचा सामू आणि जडपणा मोजण्याचे साधे संच मत्स्यालयाच्या दुकानांत मिळतात. मासा विकत घेण्यापूर्वी त्यांचा उपयोग करणे इष्ट होय. पाणी मृदू करण्यासाठी आरओ यंत्राचे पाणी मिसळता येते. पावसाचे पाणी हा त्याहून स्वस्त मार्ग असून, ठरावीक आकाराहून मोठ्या भूखंडांवर पर्जन्यजल संकलन २००९ पासून बंधनकारक असल्याने बंगळुरूतील अनेक घरांत ते उपलब्ध असते. मात्र छत धुऊन येणारा पहिला पाऊस वगळावा. बदामाच्या झाडाची वाळलेली पाने टाकीत टाकल्यास पाणी किंचित आम्लधर्मी व तपकिरी होते. नळाच्या पाण्यातील क्लोरिन काढून टाकणे हे तर सर्वच माशांसाठी आवश्यक आहे.

नवी टाकी भरून त्याच दिवशी मासे सोडणे ही सर्वत्र आढळणारी चूक. माशांच्या उत्सर्जनातून निर्माण होणाऱ्या अमोनियाचे नायट्राइट व पुढे नायट्रेटमध्ये रूपांतर करणारे जिवाणू फिल्टरमध्ये स्थिरावण्यास चार ते सहा आठवडे लागतात. तापमानाचाही विचार हवा. मुंबई वा कोकणातून बंगळुरूत स्थायिक झालेल्यांना हीटरची सवय नसते. परंतु डिसेंबर-जानेवारीत येथील रात्रीचे तापमान १५ अंश सेल्सियसच्या आसपास उतरते आणि रामिरेझीला २७ ते ३० अंश लागतात.

ज्यांच्या घरी जड पाणीच येते, त्यांनी पाण्याशी झगडण्याऐवजी मासा बदलणे शहाणपणाचे. त्यासाठी परदेशी पाहण्याचीही गरज नाही. भारतात तीन सिक्लिड नैसर्गिकरीत्या आढळतात आणि त्यांचे निकटचे नातलग मादागास्करमध्ये आहेत. गोवा व सिंधुदुर्गात कालुंदर आणि केरळात करिमीन म्हणून ताटात येणारा मासा त्यांपैकीच एक. दुसरा, नारिंगी क्रोमाइड, जेमतेम आठ सेंटिमीटरचा असून बटू सिक्लिडच्या व्याख्येत चपखल बसतो. तो खाडीच्या निमखाऱ्या पाण्यातला असल्याने जड पाणी त्याला मानवते. त्याची पिले आईबापांच्या अंगावरील श्लेष्मा टिपून खातात, तर लहान मासे कालुंदराच्या अंगावरील परजीवी वेचून त्याची सफाई करतात. तिसरा, कानडा क्रोमाइड, केवळ कर्नाटकाच्या किनारी भागातील नेत्रावती, कुमारधारा यांसारख्या नद्यांत आढळतो. इतक्या मर्यादित क्षेत्रातील हा मासा नदीतून पकडून विकला जात असेल तर तो न घेणेच योग्य.

टाकीतील मासा नकोसा झाला की तलावात सोडण्याची प्रथा अधिक गंभीर आहे. त्यामागे बहुधा दयाबुद्धी असते. परंतु बंगळुरूचे तलाव सुटे नाहीत. राजकालुवे नावाच्या नाल्यांनी ते साखळीसारखे जोडलेले असून त्यांचे पाणी पुढे अर्कावतीमार्गे कावेरीला किंवा दक्षिण पिनाकिनीला मिळते. सिक्लिड कुलातीलच तिलापिया हा आफ्रिकी मासा १९५२ मध्ये भारतात आणला गेला आणि आज येथील तलावांत सर्रास आढळतो. टाकी साफ करणारा म्हणून विकला जाणारा सकर मासा दक्षिण भारतातील अनेक जलाशयांत पसरला आहे. २०२३ मध्ये श्रीनगरच्या दल सरोवरात अमेरिकी ॲलिगेटर गार सापडला, तोही हौसेखातर पाळून सोडलेला असावा असे मानले जाते.

परका म्हणजे परदेशीच असे मात्र नाही. पुण्याजवळील मुळा-मुठेतून १८३९ मध्ये वर्णन झालेला खुदरी महसीर हा कृष्णा खोऱ्यातील मासा. लोणावळ्याच्या मत्स्यबीज केंद्रात वाढवलेली त्याची पिले सद्हेतूने कावेरीत सोडण्यात आली. कावेरीचा स्वतःचा कुबड महसीर, ज्याची शास्त्रीय ओळख २०१८ मध्ये निश्चित झाली, आज अतिसंकटग्रस्त मानला जातो. खुदरी महसिराचा शिरकाव हे त्याचे एक कारण असल्याचे संशोधकांचे मत आहे. नदीचे खोरे बदलले की देशी मासाही पाहुणा ठरतो.

नको असलेला मासा दुकानदाराकडे परत द्यावा किंवा दुसऱ्या शौकिनाला सोपवावा. टाकीतील जास्तीच्या पाणवनस्पती व गोगलगायीही नाल्यात टाकू नयेत. वनस्पती उन्हात पूर्ण वाळवून मगच कचऱ्यात द्याव्यात. पाणी बदलताना काढलेले जुने पाणी नायट्रेटयुक्त असल्याने कुंड्यांतील झाडांना खत म्हणून उपयोगी पडते.