मद्रासची ‘हिमगोल’ योजना

वाक्यरचनांच्या क्रमावर आधारलेला इंग्रजीचा नवा अभ्यासक्रम शिकविण्यासाठी मद्रास राज्यात १९५९ मध्ये शिक्षक-प्रशिक्षणाची मोहीम सुरू झाली. प्रारंभिक वर्गांच्या सुमारे २७,००० शिक्षकांची तयारी करावयाची होती. निवडक मार्गदर्शकांनी काहींस शिकवावे व त्यांनी पुढील शिक्षकांस, अशी ही योजना. घरंगळत वाढणाऱ्या बर्फाच्या गोळ्यावरून तीस नाव पडले. संख्येच्या प्रश्नावर हा उपाय समर्पक होता. मात्र वाक्य वारंवार म्हणवून घेण्याची रीत अशा साखळीतून सहज उतरते. ते का म्हणवून घ्यावयाचे आणि केव्हा थांबावयाचे, हा विवेक वाटेत गळण्याचा संभव असतो. महाराष्ट्राने २००० साली पहिलीपासून इंग्रजी सुरू केले, तेव्हाही हाच प्रश्न पुढे आला. अभ्यासक्रमामागील भाषाविचार शिक्षकापर्यंत पोचल्याखेरीज त्याची तयारी पुरी झाली, असे म्हणता येत नाही.